कान भाड्याने मिळेल

पेटी घरात आली की तिच्यासोबत एक वादही येतो, आणि पेटीच्या आधी तोच वाजायला लागतो. क्लास लावायचा, की आपलं आपण शिकायचं? पेटी अजून खोक्यात असते, भात्याचा चाप सुटलेला नसतो, तोवर घरात दोन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो, गुरूशिवाय विद्या नाही. दुसरा म्हणतो, हल्ली सगळं यूट्यूबवर फुकट असतं, उगाच फी कशाला भरायची. तिसरा पक्ष रोज केर काढणाऱ्यांचा. त्यांचा प्रश्न एवढाच, की हे धूड ठेवणार कुठे?

हा वाद जूनमध्ये फार होत असावा असा माझा संशय आहे. आपल्याकडे एक अख्खी पिढी शाळेच्या दाखल्यावर १ जूनला जन्मली आणि म्हणून ३१ मेला निवृत्त झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घरीच दुसरा चहा मिळतो, आणि तो पिताना डोक्यात येतं की आयुष्यभर राहून गेलं, आता पेटी शिकू. बायकांच्या डोक्यात हेच मुलं शिकायला परगावी गेल्यावर येतं. पण त्या दुसऱ्या दिवशी मुकाट्याने क्लासचं नाव घालून मोकळ्या होतात. वाद घालतात ते पुरुष. साहेब म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पंचविशीतल्या पोराकडून ‘काका, मनगट सोडा’ हे ऐकून घ्यायचं जिवावर येतं, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. पण तसं कसं सांगणार? मग तो एकलव्याला पुढे करतो.

एकलव्य या पक्षाचं आराध्यदैवत. मात्र त्याची गोष्ट सांगणारे सोयीस्करपणे अर्धीच सांगतात. त्या पोराने रानात एकट्याने सराव केला खरा, पण आधी द्रोणाचा मातीचा पुतळा करून समोर ठेवला. कुणीतरी बघतंय असं वाटल्याशिवाय त्याचाही बाण सुटत नव्हता. आणि शेवटी अंगठा गेला तो गेलाच. यूट्यूबवरचे गुरूही अंगठाच मागतात. फरक इतका, की द्रोणाने विद्या आलेली पाहून मागितला, हे पहिला सूर दाखवायच्या आधीच मागतात. वर घंटाही वाजवायला लावतात.

व्हिडिओ वाईट असतात असं कुणी म्हणू नये. काही तर इतके नेमके असतात की गल्लीतल्या क्लासच्या सरांनी ते रात्री बघून सकाळी शिकवावेत, आणि काही सर तसं करतातही. ज्या गाण्यासाठी पूर्वी सवाई गंधर्वच्या मांडवात थंडीत रात्र काढावी लागे, ते आता उशाला घेऊन झोपता येतं. माहितीचा दुष्काळ संपला, याबद्दल तक्रार कसली करायची? अडचण अशी, की व्हिडिओतला गुरू तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो आणि त्याला तुम्ही दिसत नसता. ‘आता तुम्ही वाजवा’ म्हणून तो दहा सेकंद थांबतो, मग ‘शाब्बास’ म्हणतो. त्या दहा सेकंदांत तुम्ही कुकर बंद करायला गेला असलात तरी शाब्बास.

तबल्यावरचा ‘ना’ घ्या. पहिल्याच आठवड्यात येणारं अक्षर. तर्जनी चाटेवर पडते, अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असते. ती टेकलेली अनामिका हाच सगळा मामला. जास्त दाबली तर बोल मुका पडतो, उचलली तर ‘ना’ ऐवजी भलताच घुमारा निघतो. व्हिडिओत हात दिसतो, वरून दिसतो, बाजूने दिसतो, सावकाश करून दाखवलेलाही दिसतो. दाब दिसत नाही. शेजारी बसलेला माणूस मात्र न बघता, नुसत्या आवाजावरून सांगतो की तिसरं बोट उचललंत. मग स्वतःचं बोट तुमच्या बोटावर ठेवतो आणि म्हणतो, एवढंच, याहून जास्त नाही. फी असते ती याची.

पेटीवाल्यांना हे पटत नाही, कारण पेटी दाबली की वाजते. सतारीला मिजराफीने बोट सोलून निघतं, बासरीत पहिले काही दिवस नुसती फुंकर येते, सारंगीचं तर नावच नको. पेटीत सूर आयता. खोक्यातून काढल्या काढल्या त्याच दिवशी राष्ट्रगीताची पहिली ओळ निघते आणि घरातले टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांनीच पुढचा घात होतो.

हे वाद्य आलं मुळात युरोपातून. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात मांडी घालून बसणाऱ्यांसाठी त्याची हातपेटी झाली आणि देशभर पसरली. तिचा मान इतका वाढला, की १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. आक्षेप असा, की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी आपली मींड या तुटक पट्ट्यांतून निघत नाही, आणि श्रुती तर मुळीच नाहीत. बंदी हा शुद्ध आगाऊपणा होता असं माझं मत. पी. मधुकरांची किंवा तुळशीदास बोरकरांची पेटी ज्याने ऐकली त्याला पट्ट्या तुटक असतात हे आठवतसुद्धा नाही. पण नवशिक्याच्या बाबतीत रेडिओच्या त्या साहेबांचं बरोबर होतं. आयता सूर मिळाला की कान कामालाच लागत नाही. आपण ऐकून वाजवत नाही, बघून वाजवतो.

बघून वाजवणारा पांढरी एकवर बसतो. कारण तिथून सुरुवात केली की सा ते सां सगळे शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवर ओळीने मिळतात, काळ्यांकडे बघायलाही लागत नाही. पट्ट्यांवर स्केचपेनने सा, रे, ग, म लिहिलेलंही मी पाहिलंय. तर्जनी आणि मधलं बोट, अशी दोन बोटं जोडीने घेऊन हा गृहस्थ चार महिने पांढऱ्यांवरून इकडून तिकडे जातो. तीन आरत्या बसवतो, दोन भक्तिगीतं बसवतो, एक जुनं सिनेमाचं गाणं बसवतो. मग शेजारच्या इमारतीतलं महिला भजनी मंडळ पेटीवाला शोधत येतं.

“काका, काळी चार द्या हं.”

काका सा शोधतात.

“काळी चार, काका. त्या तीन काळ्यांतली मधली.”

काळी चारवरून सा धरला की रे काळीवर, ग पांढरीवर, म आणि प पुन्हा काळ्यांवर, ध आणि नी पांढऱ्यांवर. चार महिन्यांची सगळी ओळख एका वाक्यात पुसली गेली. दोन बोटांचं तिथे काम नसतं. तिथे अंगठा कधी खालून काढायचा, काळीवर अंगठा का टाळायचा, कुठल्या बोटाने सूर सोडला की पुढचा हाताशी येतो, हे लागतं. हे सगळं कंटाळवाण्या पलट्यांत दडलेलं असतं, आणि पलटे काकांनी दीड पट वेगाने बघून पुढे ढकललेले असतात. भात्याचंही तेच. डावा हात एकसारखा चालला पाहिजे. काकांचा हात गाण्याचा जोर वाढला की वाढतो आणि अवघड जागा आली की थांबतो, त्यामुळे नेमक्या अवघड जागी पेटीचा श्वास जातो.

यावरचा उतारा दुकानात मिळतो. त्याला स्केल चेंजर म्हणतात. पट्ट्यांचा अख्खा पाटाच सरकतो, बोटं पांढरी एकवरच ठेवा, आवाज काळी चारचा येईल. मोठ्या कलाकारांना मैफलीत त्याची खरी सोय होते, हे मान्य. पण काकांनी घेतली ती दुरुस्ती बोटांची की पेटीची? दुकानदाराने हा प्रश्न विचारण्याचं काही कारण नाही.

आता स्वयंशिक्षितांच्या यादीकडे येऊ. ती तयारच असते. जिमी हेंड्रिक्सला नोटेशन वाचता येत नव्हतं. मॅकार्टनीलाही येत नाही. इतकं लांब जायचं नसेल तर आपले गोविंदराव टेंबे. पेटीत त्यांनी नाव काढलं, १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या, पुढे १९३२ मध्ये पहिल्या मराठी बोलपटात नायकही झाले, आणि पेटी बव्हंशी आपली आपणच कमावली. बघा! बघितलं. पण ती कुठे बसून कमावली हेही बघा. कोल्हापूर. दरबारात अल्लादिया खाँ गायला, गावात देवल क्लब, येणाऱ्या-जाणाऱ्या गवयांचा राबता, पुढे साथ करायची तर भास्करबुवा बखल्यांची. तिथे चुकीचा सूर लागला तर कुणी लाइक करत नसे, मान वळवून बघत असे. अख्ख्या गावाचा कान ज्याला भाड्याशिवाय मिळाला त्याने क्लास नाही लावला, यात नवल ते काय? तुम्ही वाकडच्या चौदाव्या मजल्यावर खिडक्या लावून हेडफोन घालून शिकणार, आणि दाखला देणार टेंब्यांचा.

कुमार गंधर्वांचंही सांगतात, की लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करत, लोक थक्क होत. खरं आहे. त्याच्या पुढचं वाक्य मात्र सांगत नाहीत. इतकं येत असलेल्या त्या पोराला घरच्यांनी मुंबईला देवधर मास्तरांच्या शाळेत आणून सोडलं. रेकॉर्डीवरून जे येतं ते सगळं त्याला आलेलं होतं, शिकणं त्यापुढे सुरू झालं.

एवढं वाचून क्लासवाला पक्ष खुशीत आला असेल. त्याने जरा थांबावं.

क्लास ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी ग्वाल्हेरला गेले, वासुदेवबुवा जोश्यांकडे राहिले, पडेल ते केलं आणि ग्वाल्हेरची गायकी घेऊन महाराष्ट्रात परतले. (आम्हाला कोथरूडहून नारायण पेठेत जायचं जिवावर येतं, कारण तिथे गाडी लावायला जागा नाही.) बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये निघाली. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वेळापत्रक, वर्ग, फळा, सगळं रीतसर. तिकडे मुंबईत वकिली शिकलेले भातखंडे देशभर फिरून चिजा जमवत होते. त्यांनी त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून टाकल्या आणि घराण्यांच्या तिजोरीची किल्लीच बाजारात आली. पोथीतून गाणं येतं का, म्हणून तेव्हाही नाकं मुरडली गेली. आज व्हिडिओबद्दल जे बोललं जातं ते सगळं तेव्हा पुस्तकाबद्दल बोलून झालेलं आहे.

पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही विष्णूंनी फार मोठं काम केलं. गुरूच्या घरी पाणी भरल्याशिवाय, अमुक घरात जन्मल्याशिवाय, कुणाच्याही मुलीला फी भरून गाणं शिकता येऊ लागलं. पुढे त्याचं पालकांनी काय केलं याला त्या दोघांचा इलाज नव्हता. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार अशी शिडी समोर दिसली आणि पालकांना हायसं वाटलं. कारण मुलगी यमन कसा गाते हे कळायला कान लागतो, ती कितवीत आहे हे कळायला लागत नाही. त्यात दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले. तेव्हापासून आठवीत कित्येक मुलांना अचानक तबल्याची ओढ लागते, आणि दहावीचा निकाल लागला की ती तितक्याच अचानक ओसरते. डग्गा मग दिवाणखान्यात फुलदाणीशेजारी बसतो.

असल्या क्लासात काय चालतं? तासाला आठ-दहा मुलं. एकाच वेळी सगळ्यांचा तीनताल. त्यात कोण ‘धिं’ वाजवतंय आणि कोण नुसता हात हलवतंय, हे तानसेनालाही कळणार नाही. परीक्षा जवळ आली की रागाची माहिती पाठ: थाट कुठला, वादी कोण, संवादी कोण, गायनसमय कुठला. वादी गंधार हे मूल लिहून येतं, गंधार ऐकवला तर ओळखत नाही. सर मधूनच फोन घेतात. दाराबाहेर आई वहीत पाहून विचारते, “सर, पुढची परीक्षा कधी?” चूक कुठे होतेय हे ती विचारत नाही, सरही सांगत नाहीत, कारण सांगितलं तर परीक्षा पुढे ढकलावी लागेल आणि पोरगं शेजारच्या क्लासात जाईल. व्हिडिओसारखेच हेही सर ‘शाब्बास’ म्हणतात. फरक म्हणाल तर इथे महिन्याला पैसे पडतात.

तेव्हा वादच चुकीचा लागला आहे. क्लास की स्वतः, हा प्रश्न दुय्यम. तुम्ही वाजवत असताना ऐकतं कोण, हा खरा. स्वतःचा कान सुरुवातीला कामाचा नसतो. हात गुंतलेले असले की तो समोर वाजलेलं ऐकतच नाही, मनात वाजायला हवं होतं ते ऐकतो. म्हणून पहिल्या काळात दुसऱ्याचा कान भाड्याने घ्यावा लागतो. स्वतःचा तयार झाला की भाडं बंद.

तो वेळेवर घेतला नाही तर आलेलं पुसून परत शिकावं लागतं, आणि ते किती जड जातं याचा सर्वांत महागडा दाखला हरिप्रसाद चौरसियांचा. अलाहाबादच्या पहिलवानाचा हा मुलगा बापाला चोरून संगीताकडे वळला, रीतसर बासरी शिकला, आकाशवाणीत लागला, मुंबईत सिनेमाच्या वादकांत नाव झालं. मग शिकायचं म्हणून अन्नपूर्णादेवींच्या दारात गेले. त्यांनी बरेच दिवस दाद दिली नाही. शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर: आतापर्यंत आलेलं सगळं विसरायचं. चौरसियांनी बासरीची बाजूच बदलली. उजवीकडे धरत होते ती डावीकडे धरून पहिल्यापासून वाजवायला लागले. आणि हा माणूस चुकीचं शिकलेला नव्हता, चांगला शिकलेला होता! दोन बोटांनी पांढरी एक वाजवणाऱ्या काकांना विसरायला किती वर्षं लागतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिकण्याची फी दरपत्रकात असते. विसरण्याची फी कुठे लिहिलेली नसते.

गोव्यात हा हिशेब फार आधी कळला होता. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना वाद्य हातात देण्याआधी सोल्फेजो घोटून घेत, म्हणजे स्वरलिपी बघून सूर तोंडाने म्हणायचा. तोंडातून नीट आला की मग व्हायोलिन. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट केसभर सरकलं की सूर गेला, त्यामुळे आधी कान तयार केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कडक मास्तर, छडीचा वापर, सगळं होतं, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण त्या शाळांतून निघालेली माणसं पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात भरली. हिंदी सिनेमाचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो तो कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसूझा त्यांतलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विसही त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांच्या नावाचं गाणंच करून शिष्याने गुरुदक्षिणा दिली. गुरूचं नाव देशातल्या प्रत्येक वरातीत वाजतं आणि नाचणाऱ्यांना पत्ता नसतो, यापेक्षा मोठी दक्षिणा मला तरी ठाऊक नाही.

या दोन पक्षांच्या भांडणात एक तिसरी वाट कायम विसरली जाते, आणि ती आपल्या पायाखालची आहे. भजनी मंडळ. सिंधुदुर्गात डबलबारीला बुवा स्वतः पेटी वाजवतो, स्वतः गातो, समोरच्या बुवाला तिथल्या तिथे उत्तर देतो. यातले कितीतरी जण कुठल्या क्लासात गेलेले नसतात आणि त्यांना स्वयंशिक्षितही म्हणता येत नाही. लहानपणी झांज हातात घेऊन मागच्या रांगेत बसले, मग पुढे सरकले, एकदा बुवा चहाला उठला तेव्हा पेटीला हात लावला. चुकलं तर झांजवाला बघतो, पखवाजवाला बघतो, मागची म्हातारी ‘अरे बाबा’ म्हणते. फुकटात पंधरा कान. पुण्यात ढोल-ताशाची पथकं गणपतीआधी दोन महिने नदीकाठी हेच करतात. ठोका चुकला की शेजारचा कोपराने ढोसतो. कोपर हे अध्यापनाचं फार प्रभावी साधन आहे. व्हिडिओला ते नसतं.

कोपर पोचत नाही अशा ठिकाणी राहणाऱ्यांची पंचाईत खरी. न्यू जर्सीतली मराठी पोरगी पुण्यातल्या सरांकडे तबला शिकते. इथे संध्याकाळचे सात, तिथे उन्हाळ्यातले सकाळचे साडेनऊ. सरांची टाळी तिच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागतो, तिची थाप परत यायला आणखी क्षणभर, त्यामुळे दोघांची सम एकत्र कधीच येत नाही. सर वाजवतात, थांबतात, मग ती वाजवते, मग सर बोलतात. तानपुरा लावला तर त्या कॉलच्या सॉफ्टवेअरला ती पंख्याची घरघर वाटते आणि ते इमानेइतबारे तानपुरा गाळून टाकतं. तो पर्याय शोधून बंद करावा लागतो. इतकं असूनही हे शिकणं व्हिडिओपेक्षा चांगलं, कारण तिकडे कुणीतरी डोळे मिटून ऐकत असतं आणि मध्येच म्हणतं, “थांब, परत.” एवढ्या दोन शब्दांसाठी तिचे आईवडील डॉलर मोजतात. शहाणे आहेत.

आता थेट विचाराल तर माझा सल्ला असा. गिटारवर चार कॉर्ड धरून मित्रांत गायचं असेल, उकुलेले प्रवासाला न्यायचं असेल, तर खुशाल आपलं आपण शिका. त्यात कुणाचं नुकसान नाही, शेजारी सोडून. तबला, व्हायोलिन, सतार, बासरी यांत हाताची बैठक एकदा वाकडी बसली की मोडायला जड जाते, तिथे पहिलं वर्ष तरी माणूस शोधा. पेटी या दोन्हींच्या मध्ये येते आणि म्हणूनच जास्त फसवते. सहा महिने कुणाकडे तरी जा, पलटे काळी एकपासून काळी पाचपर्यंत सगळीकडून घासून घ्या, मग व्हिडिओ बघा. तेव्हा त्यातलं चांगलं-वाईट कळेल. परीक्षा द्यायची की नाही ते पन्नाशीनंतर ठरवण्यासारखं आहे. पन्नाशीनंतर दहावीचे गुण वाढत नाहीत.

पैसे नसतील तर कान फुकटही मिळतो. भजनात बसा. मोबाइलवर स्वतःचं वाजवलेलं ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. त्या दिवशी ते चांगलंच वाटतं.

आणि क्लास बघायला जाल तेव्हा फी, सुट्ट्या, प्रमाणपत्र हे नंतर विचारा. आधी म्हणा, सर, मी दोन मिनिटं वाजवतो, तुम्ही ऐका. त्या दोन मिनिटांत सरांनी मोबाइलकडे पाहिलं, तर नमस्कार करून उठा. पूर्ण ऐकून ‘छान’ म्हणाले, तरीही उठा. मध्येच हात धरून “हे बोट इथे कशाला?” म्हणाले, तर वार आणि वेळ ठरवून टाका. पहिले काही महिने ते तुम्हाला एकही गाणं वाजवू देणार नाहीत. गणपतीत शेजारचे आरतीला बोलवायला येतील, तेव्हा पेटी सूर लावायला दिली आहे, म्हणून सांगावं.